लोणारचं वय कसं मोजलं

लोणार बुलढाणा जिल्ह्यात असलं तरी रिसोड-वाशीमच्या माणसाला ते कधी परकं वाटलं नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी दैत्यसूदनाचं देऊळ आणि ते खारं, हिरवट पाणी शाळेत असतानाच पाहिलं. तेव्हा वाशीम अजून अकोला जिल्ह्यातच होतं. ‘उल्कापाताने सुमारे 50 हजार वर्षांपूर्वी तयार झालेलं सरोवर’ हे वाक्य आपण पाठ केलं होतं. त्यातलं ‘उल्कापाताने’ टिकलं. वयाचं मात्र तसं झालं नाही.

उल्केचं तरी कुठे फार जुनं होतं? 1.8 किलोमीटर व्यासाचं हे विवर ज्वालामुखीचं असावं, असं कित्येक भूवैज्ञानिक दीर्घकाळ मानत. 1973 मध्ये इथल्या खडकात मॅस्केलिनाइट सापडल्याचं प्रसिद्ध झालं. जबर आघाताच्या दाबाने फेल्डस्पार या खनिजाची होणारी ही काच ज्वालामुखीत तयार होत नाही. ‘कशाने’ हे कळलं, ‘केव्हा’ हे राहिलं.

खडकातलं घड्याळ म्हणजे किरणोत्सारी अणू. ते मोजण्याची जुनी रीत म्हणजे अणू फुटण्याची वाट पाहत बसणं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 च्या दशकात देवेंद्र लाल यांच्या गटाने नेवाशाच्या उत्खननातल्या नमुन्यांचं वय असंच काढलं. ताज्या एक ग्रॅम कार्बनमध्ये कार्बन-14 चे सुमारे 6,000 कोटी अणू असतात, आणि त्यांतले मिनिटाला फुटतात जेमतेम 14. म्हणजे गावाची शिरगणती करायची आणि मोजायची फक्त त्या दिवशीची मयतं! मास स्पेक्ट्रोमीटर घरोघर जाऊन माणसंच मोजतो. अणूंना विद्युतभार देऊन चुंबकीय क्षेत्रातून सोडलं की हलके जास्त वळतात, जड कमी. वेगळे झाले की मोजायचे. 1977 मध्ये त्याला त्वरक जोडण्याची युक्ती निघाली आणि ग्रॅमऐवजी मिलिग्रॅम कार्बन, दिवसाऐवजी तासाभराचं काम एवढ्यावर भागू लागलं.

लोणारला मात्र कार्बन उपयोगी नाही. तो 50 हजार वर्षांच्या पुढे फारसा जात नाही, आणि सांगतो ते गाळाचं वय, विवराचं नव्हे. 1997 मध्ये उष्मादीप्ती पद्धतीने आघातातल्या काचेचं वय सुमारे 52 हजार वर्षं आलं आणि आपलं पाठांतर पक्कं झालं.

मग आला आर्गॉन. दर लाख पोटॅशियम अणूंमागे जेमतेम 12 अणू किरणोत्सारी पोटॅशियम-40 चे असतात. त्याचं अर्धायुष्य 125 कोटी वर्षं. त्यातल्या थोड्यांचा आर्गॉन-40 होतो. खडक वितळला की जुना वायू उडून जातो आणि घड्याळ शून्यावर येतं. पण आपला काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा, त्यात पोटॅशियम आधीच कमी. जुना आर्गॉन जरा जरी अडकून राहिला तरी वय फुगतं. म्हणून नमुना आधी अणुभट्टीत ठेवतात. न्यूट्रॉनच्या माऱ्याने काही पोटॅशियमचा आर्गॉन-39 होतो, तोही किरणोत्सारी. मग नमुना टप्प्याटप्प्याने तापवत सुटणारा वायू मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये सोडतात. 39 वरून पोटॅशियम किती ते कळतं, 40 वरून वेळ, आणि 36 वरून हवेतून शिरलेला आर्गॉन वजा करता येतो. एकाच यंत्रात, एकाच वायूचा सगळा हिशेब. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात इतकी चोख तपासणी क्वचित दिसते.

2011 मध्ये फ्रेड जूर्दां आणि सहकाऱ्यांनी लोणारच्या वितळलेल्या खडकावर हे केलं. उत्तर आलं 5 लाख 70 हजार वर्षं. इतक्या काळात लाखभर पोटॅशियम-40 अणूंमागे तीन-चारच आर्गॉन अणू तयार होतात. ते मोजून काढलेलं हे वय!

दोन्ही आकडे आजही छापले जातात. मला आर्गॉनचा जास्त पटतो, कारण काचेत साठलेली उष्मादीप्ती काळाच्या ओघात गळू शकते आणि मग वय कमी दिसतं. जूर्दां यांच्या आकड्यालाही 47 हजार वर्षं इकडेतिकडे अशी पुस्ती आहे. म्हणजे त्यांची नुसती चूकभूलच आपण परीक्षेत लिहिलेल्या वयाएवढी भरते.