विरळाची कुळकथा

पेण तालुक्याच्या खारेपाटात, जेथे खाडीचे पाणी बांधाने अडवून शेते काढली आहेत, तेथे मोड आणलेले भात चिखलात फेकण्याची जी रीत आहे तिला रहू म्हणतात. पुढे दाट उगवलेले उपटून विरळ जागी लावण्याचे काम शेतकऱ्याच्या वाट्याला येते, आणि इंग्रजीतील ‘रेअर’ या शब्दाची कुळकथा सांगावयास त्या बांधाइतकी सोयीची जागा मला दुसरी दिसत नाही. कारण ज्या लॅटिन ‘रारुस’पासून तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत उतरला, त्याचा मूळ अर्थ दुष्प्राप्य असा नव्हेच, ज्याचे घटक सुटे, अंतराअंतरावर असतात ते, म्हणजे नेमके विरळ. लुक्रेशियसने द्रव्याच्या मीमांसेत दाट पदार्थाच्या विरुद्ध तोच शब्द योजला, आणि उंच पर्वतावरील हवेच्या वर्णनात इंग्रजी अद्यापि तोच अर्थ राखून आहे. जे अंतराअंतरावर असते ते क्वचित दृष्टीस पडते, आणि क्वचित दिसणाऱ्याचे मोल साहजिकच चढते. आपला ‘विरळा’ही संतवाङ्मयात याच वाटेने गेला. (अर्धकच्च्या मांसाचा ‘रेअर’ निराळ्या घराण्यातला, जुन्या इंग्रजीत तो कमी उकडलेल्या अंड्याचे विशेषण होता.)

मराठी विश्वकोशाने ‘रेअर अर्थ’ मूलद्रव्यांना ‘विरल मृत्तिका’ म्हटले, यात मला मोठा विवेक दिसतो. त्यांतील सिरियम भूकवचात जवळजवळ तांब्याइतके आहे. ते एके ठिकाणी साचत नाही, विखुरलेले असते, इतकेच. त्याला दुर्मिळ म्हणणे ही ग्राहकाची तक्रार झाली, वस्तूचे वर्णन नव्हे.

हाच भेद सजीवांनाही लागू पडतो. मुरूड आणि रोहे तालुक्यांतील फणसाड अभयारण्यात गिधाडे आहेत. मेलेल्या ढोरांवर थव्याने उतरणारा हा पक्षी, गुरांना टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाने विसाव्या शतकाच्या अखेरीस देशभर झपाट्याने मेला. 2006 साली त्या औषधाचा पशुवैद्यकीय वापर बंद करण्याचा हुकूम निघाला. दाट होते ते विरळ झाले, असा हा सरळ इतिहास आहे. तेव्हा वनखात्याच्या दफ्तरी आणि फलकांवर ‘दुर्मिळ’च्या जागी ‘विरळ’ लिहावे, अशी माझी विनंती आहे.