विद्यापीठातील नोकरी आणि दिव्यांगांचा हक्क : ‘वाजवी सोय’ मागायची कशी?

तलवाड्यासारख्या गावातला दिव्यांग तरुण एम.ए. होतो, सेट पास होतो आणि प्राध्यापकपदाची जाहिरात वाचून थांबतो. मुलाखत वरच्या मजल्यावर असली तर? लेखनिक मिळाला नाही तर? अनेकजण अर्ज न भरताच माघार घेतात. आपल्या कार्यकर्त्यांनी अशा प्रत्येकाला पहिली गोष्ट सांगितली पाहिजे : सोय मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे, तो कायद्याने दिलेला हक्क आहे.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केले आहे. दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने हक्क बजावता यावेत म्हणून केलेला आवश्यक बदल म्हणजे वाजवी सोय. संस्थेवर अवाजवी बोजा पडू नये, एवढीच तिची मर्यादा आहे. कलम २० नुसार प्रत्येक शासकीय आस्थापनेने ही सोय द्यायची आहे. या व्याख्येत राज्याच्या कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे येतात, तशीच अनुदानित महाविद्यालयेही येतात.

अर्जदारांसाठी

- सरळसेवा भरतीत किमान ४ टक्के आरक्षण आहे (कलम ३४). त्यासाठी ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते.
- हे आरक्षण समांतर आहे. अनुसूचित जातीतील बौद्ध उमेदवाराने जातीचे आणि दिव्यांगत्वाचे असे दोन्ही दाखले जोडावेत, एकाच्या भरवशावर दुसरा सोडू नये.
- सहायक प्राध्यापकपदासाठी पदवी आणि पदव्युत्तर गुणांत ५ टक्के सवलत आहे.
- केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पात्र उमेदवाराला लेखी परीक्षेत तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ मिळतो. तीन तासांच्या पेपरला हा वेळ एक तास होतो.
- मुलाखत तळमजल्यावर घ्यावी, सांकेतिक भाषेचा दुभाषी द्यावा, असे अर्जासोबतच लेखी कळवावे.

४० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर?

आरक्षण मिळणार नाही, पण सोय मागता येते. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात अर्जदाराला लिहिताना हाताला त्रास होत होता. त्याच्याकडे ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र नव्हते म्हणून आयोगाने लेखनिक नाकारला होता. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो मंजूर केला. वाजवी सोय नाकारणे हाच भेदभाव आहे आणि सोय ठरवताना त्या व्यक्तीशी बोलले पाहिजे, हे या निकालाने स्पष्ट केले.

नोकरीत असलेल्यांसाठी

तळमजल्यावरचा वर्ग, पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, योग्य उंचीचे टेबल, उपचारांसाठी वेळेत बदल अशा सोयी मागता येतात. सेवेत असताना अपघाताने किंवा आजाराने दिव्यांगत्व आले तर कलम २०(४) लक्षात ठेवा. कर्मचाऱ्याला काढता येत नाही, पदावनतही करता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे पद द्यावे लागते. असे पद नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवावे लागते. म्हणून कोणी “राजीनामा देऊन टाक” म्हणाले तरी घाईने सही करू नका.

मागणी कशी करावी?

१. अर्ज लेखी द्या. अडचण कोणत्या कामात येते आणि नेमके काय हवे, ते लिहा.
२. पोच घ्या, प्रत जपून ठेवा.
३. नकारही लेखी आणि कारणासह मागा.
४. आस्थापनेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा (कलम २३). तक्रार नोंदवल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी.
५. तिथे समाधान झाले नाही तर जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागा. पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडेही तक्रार करता येते.

आपले काम

मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून आपल्या माणसांनी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे झुंज दिली. त्या कमानीतून चाकाच्या खुर्चीवरचा आपला भाऊ आणि पांढरी काठी घेतलेली आपली बहीणही ताठ मानेने आत गेली पाहिजे. विहारात रविवारी जमतो तेव्हा गावातील दिव्यांग तरुणांची यादी करू, प्रमाणपत्र नसेल त्याला जिल्हा रुग्णालयात घेऊन जाऊ, अर्ज लिहायला सोबत बसू.

जय भीम!