वाट दाखवणारा आवाज

मोटारीच्या डॅशबोर्डवर आता नकाशा आणि गाणी एकाच पडद्यावर असतात. वळण जवळ आले की गाणे मंदावते आणि सूचना ऐकू येते. नागपूरहून भंडारा, कारध्याचा वैनगंगेवरचा पूल, लाखनी, साकोली करत रायपूरला जाणाऱ्याला वाटेत कोणालाच काही विचारावे लागत नाही. पूर्वी वाट माणूस सांगायचा, यंत्राने ती आपुलकी संपवली, अशी हळहळ त्यावर नेहमी ऐकू येते. इतिहास पाहिला तर ती अर्धीच खरी आहे.

गावगाड्यात वाट दाखवणे हे नेमून दिलेले काम होते आणि ते जातीने ठरलेले होते. सरकारी माणूस आला की त्याचे सामान उचलायचे, त्याला पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोचवायचे, ही वेठ महारांच्या वाट्याला येई. रात्र असो की पाऊस, नाही म्हणायची सोय नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले, त्यामागे अशाच सक्तीच्या चाकरीविरुद्धचा लढा होता. वाटाड्याची जागा यंत्राने घेतली म्हणून खंत करताना तो वाटाड्या कोण होता, हे आधी विचारले पाहिजे. उपग्रहाला वाट विचारताना कोणाला वेठीला धरावे लागत नाही, ही मला मोठी गोष्ट वाटते.

यावर कोणी म्हणेल, सगळेच वाट सांगणारे काही वेठीचे नव्हते; धुऱ्यावरचा शेतकरी आपणहून सांगायचा. खरे आहे, आणि त्याचे ज्ञान पडद्यात आलेले नाही. भंडारा हा तलावांचा जिल्हा. इथली वाट बोडीच्या, म्हणजे लहान तलावाच्या, पाळीवरून जाते, पांदणीतून जाते आणि श्रावणात चिखलाने बंद पडते. अमेरिकेने २ मे २००० रोजी जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, तेव्हापासून गाडी नेमकी कुठे आहे हे सामान्य माणसालाही कळू लागले; पण समोरची पांदण आज चालू आहे का, हे उपग्रह सांगत नाही. त्यात गाडीत साठवलेला नकाशा हा तयार झाला त्या दिवसाचा असतो. जुना राष्ट्रीय महामार्ग ६ इथे ५३ झाला. पवनी तालुक्यात गोसेखुर्द धरणाचे पाणी अडले, गावे उठली, लोक नव्या गावठाणांत गेले. अशा वेळी जुन्याच नावाचे गाव नकाशावर पाण्याखालच्या जागी राहिले, तर बिनचूक जीपीएसही गाडीला जलाशयाच्या काठावर नेईल. नकाशा अद्ययावत करता येतो हे उत्तर पुरेसे नाही, कारण कंपनीला महामार्गाचे गिऱ्हाईक दिसते, पांदणीचे नाही. पांदणी तलाठ्याच्या गावनकाशावर आहेत, कोणती कधी बंद असते हे गावाला ठाऊक असते. ही माहिती ग्रामपंचायतींकडून घेऊन गाडीतल्या नकाशात भरली पाहिजे, आणि ती देणाऱ्याला त्याचा मोबदला मिळाला पाहिजे.