दगड कोण मारतं?

भिवंडीत पत्र्यावर दगड पडला की माणसं आधी दार लावून घेतात आणि मग विचार करतात. मे १९८४ ची दंगल पाहिलेल्या माझ्या पिढीची ती सवयच आहे. त्यामुळे त्याच वर्षी पावसाळ्यात आमच्या घरावर रात्री खडे पडू लागले, तेव्हा पहिला संशय बाहेरच्यांवर गेला. अब्बा आणि चाचा दोन रात्री जागले. गल्लीत कुणी दिसलं नाही. मग खडे घरातच पडू लागले. बंद खोलीत मागाची कांडी भिंतीवर येऊन आपटायची. पिठाच्या डब्यात माती निघायची. शेजारच्या खाला म्हणाल्या, घरावर असर आहे, जिन आहे. पलीकडच्या आळीतल्या काकूंनी त्यालाच भानामती म्हटलं. एरवी त्या दिवसांत दोन आळ्यांचं एकमत होणं कठीण होतं. या बाबतीत मात्र झालं.

श्रोतेहो, या प्रकाराला जगभर 'पोल्टरगाइस्ट' म्हणतात. शब्द जर्मन आहे. अर्थ सरळ : आदळआपट करणारं भूत. हे भूत सहसा कुणाला दिसत नाही, फक्त वस्तू फेकतं. महाराष्ट्रातलं त्याचं एक बारकाईने नोंदलेलं प्रकरण कुणाच्या घरात घडलं, हे मला फार उशिरा कळलं आणि मी थक्क झालो. ते घर होतं पुण्याचं, ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचं.

केतकर म्हणजे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे डॉक्टरेट, जातिसंस्थेच्या इतिहासाचे अभ्यासक. जगातलं ज्ञान मराठीत आणण्यासाठी त्यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड सिद्ध केले. त्यांच्या पत्नी शीलवतीबाई, पूर्वाश्रमीच्या ईडिथ कोह्न, जर्मन ज्यू घराण्यातल्या. १९२० साली त्या व्रात्यस्तोम विधीने हिंदू होऊन या घरात आल्या. ज्ञानकोशाचं काम संपत आलं होतं, पैशाची ओढाताण होती, आणि १९२८ च्या सुमारास या घरात वस्तू उडू लागल्या. नाणी वरून पडत. जागच्या वस्तू फेकल्या जात, फुटत. हे सारं घडे ते घरात वाढणाऱ्या आठ-नऊ वर्षांच्या एका मुलाच्या आसपास. मुलगा पोरका होता आणि केतकरांनी त्याला आपला म्हणून वाढवलं होतं.

शीलवतीबाईंच्या भगिनी मिस कोह्न डेक्कन कॉलेजात भाषा शिकवत. त्यांनी हे प्रकार लिहून ठेवले. लंडनचे प्रसिद्ध भूतसंशोधक हॅरी प्राइस आणि मिस कोह्न यांच्या नावावर १९३० साली अमेरिकेच्या एका परामानसशास्त्रीय नियतकालिकात त्याचा वृत्तान्त छापून आला. हा खोडसाळपणा मुलाचा नाही, अशी मिस कोह्न यांची खात्री होती. ज्यांना ते पटलं नाही, ते म्हणणार की मुलगाच सगळं करत असणार. इंग्लंडात फ्रँक पॉडमोर यांनी अशा प्रकरणांची छाननी करून १८९६ सालीच तसा निष्कर्ष काढला होता. बहुतेक ठिकाणी त्यांना घरातलं एखादं पोरच सापडलं होतं.

खुद्द १९८४ च्या मार्चमध्ये, म्हणजे आमच्या दंगलीच्या दोन महिने आधी, अमेरिकेतल्या कोलंबस शहरात असंच एक घर गाजलं. हवेत उडणाऱ्या टेलिफोनचं छायाचित्र जगभर छापलं गेलं. तिथेही मध्यभागी चौदा वर्षांची एक मुलगी होती आणि तिलाही त्या कुटुंबाने दत्तक घेतलं होतं. टेबलावरचा दिवा ती स्वतःच ओढून पाडते आहे, हे टीव्हीच्या कॅमेऱ्याने टिपलं.

पुण्यात नेमकं काय झालं, याचा निकाल मी देणार नाही. पण पोरका मुलगा, दत्तक मुलगी हे वाचलं की माझं मन आमच्या पत्र्याखाली येतं. कारण आमच्याही घरात त्या वर्षी एक नवं मूल आलं होतं. माझा आतेभाऊ, वय वर्षं नऊ. आई आधीच गेलेली, बाप दंगलीत गेला. तो रडला नव्हता. कुणाशी बोलतही नव्हता.

एका दुपारी मी दाराच्या फटीतून पाहिलं. त्याने चड्डीच्या खिशातून कांडी काढली, नेम न धरता भिंतीवर मारली आणि लगेच गोधडीत तोंड खुपसलं. मी चौदा वर्षांचा होतो. मी कुणालाच सांगितलं नाही. पोरक्या पोराचं नाव घ्यायला जीभ वळली नाही.

पण नाव तर कुणाचं तरी येणारच होतं. घरी बोलावलेल्या बाबाने लोबान जाळला, तावीज बांधले आणि म्हणाला, घरातल्याच बाईची नजर आहे. चाचीला मूलबाळ नव्हतं. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. आठ दिवसांत तिची माहेरी रवानगी झाली. मी तेव्हाही गप्प होतो.

खडे मात्र थांबले नाहीत. ते थांबले दादीमुळे. तिने काही विचारलं नाही. त्या पोराचं अंथरूण आपल्या शेजारी ओढून घेतलं आणि रोज रात्री ती त्याला त्याच्या बापाच्या लहानपणच्या गोष्टी सांगू लागली. तिसऱ्या की चौथ्या रात्री तो रडला, सगळ्या घराला जाग येईल असा. त्यानंतर आमच्याकडे काही उडालं नाही.

पुढे डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं काम वाचताना मला दादी आठवली. भानामती कोण करतं हे शोधून काढायचं, पण नाव चारचौघांत सांगायचं नाही, ही त्यांच्या कार्यकर्त्यांची पद्धत. करणारा गुन्हेगार नाही, बहुधा दुखावलेला माणूस आहे, हे त्यामागचं भान. २० ऑगस्ट २०१३ रोजी दाभोलकरांचा खून झाला. त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात संमत झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं आता गुन्हा आहे. पण नुसत्या संशयाने एखाद्या बाईला माहेरी धाडलं, तर पोलिसात कोण जाणार?

चाची सात महिन्यांनी परत आली. तिला कुणी काही म्हणालं नाही आणि तिनेही काही विचारलं नाही. आता ती ऐंशीच्या पुढे आहे. हे भाषण ध्वनिमुद्रित करण्याआधी मी तिच्याकडे जाऊन बसलो आणि चाळीस वर्षांपूर्वीची ती दुपार तिला सांगितली. ती सुपारी कातरत होती. हात न थांबवता म्हणाली, "मला माहीत होतं, बेटा. मीही पाहिलं होतं त्याला."

"मग बोलली का नाहीस?"

"मला जायला माहेर तरी होतं," ती म्हणाली. "त्याला कुठे पाठवलं असतं तुम्ही?"