शिक्षक, पाठ आणि यंत्र

संगणकाच्या जाळ्यावरून शिकण्याची सोय आज घरोघर पोंचली आहे. विद्यार्थी एका गांवीं, शिक्षक दुसऱ्या गांवीं, आणि पाठ केव्हांही उघडावा असा तयार, ही गोष्ट आतां नवलाची राहिलेली नाहीं. परंतु असा ऑनलाइन अभ्यासक्रम रचावयास शिक्षकाला सांगितलें म्हणजे एक जुनाच वाद नव्यानें सुरू होतो. एक पक्ष म्हणतो कीं, ज्याला असें शिकवावयाचें आहे त्यानें यंत्रविद्याही आत्मसात केली पाहिजे. दुसरा पक्ष म्हणतो कीं, शिक्षकानें विषय सांगावा, यंत्राचें काम यंत्रज्ञानें पाहावें. वरवर पाहतां हा श्रमाच्या वांटणीचा वाद आहे. पण पाठाचें रूप ठरविण्याचा अधिकार कोणाकडे राहणार, हा त्यांतील खरा प्रश्न होय. श्रोतेहो, गेल्या साठपासष्ट वर्षांत या प्रश्नाला तीन निरनिराळीं उत्तरें देण्यांत आलीं. त्यांचा इतिहास आज आपण थोडक्यांत पाहूं.

पहिलें उत्तर अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठानें दिलें. तेथें अर्बाना या गांवीं विद्युत्-अभियंते डोनाल्ड बिट्झर यांनीं १९६० सालीं ‘प्लेटो’ नांवाची संगणकद्वारा शिकविण्याची योजना सुरू केली. आरंभीं एका वेळीं एकच विद्यार्थी त्या यंत्रापुढें बसूं शके. पण विद्यार्थ्याहून अधिक अडचण शिक्षकाची होती. कारण यंत्राला समजेल अशा भाषेंत पाठ लिहिण्यास निष्णात प्रोग्रामर लागे. १९६७ सालीं पॉल टेन्झर या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यानें त्यावर तोड काढली. त्यानें केवळ पाठ लिहिण्यासाठीं ‘ट्यूटर’ नांवाची भाषा रचली. अमुक जागीं अमुक मजकूर दाखव, येथें विद्यार्थ्याच्या उत्तराची वाट पाहा, हें उत्तर बरोबर समज, तें चूक समज व त्यावर ही सूचना दे, अशा तिच्या आज्ञा होत्या. फळ्यापाशीं उभा राहून शिक्षक जें नित्य करतो, त्याच क्रियांना येथें आज्ञांचें रूप मिळालें होतें.

या प्रयत्नाचें फळ कसें आलें, तें एका उदाहरणावरून कळेल. शेरन डगडेल व डेव्हिड किबी यांनीं प्लेटोवर लहान मुलांसाठीं ‘डार्ट्स’ नांवाचा अपूर्णांकांचा पाठ तयार केला. पडद्यावर एक संख्यारेषा, आणि तिला बांधलेले फुगे. फुगा कोणत्या संख्येपाशीं आहे याचा अंदाज करून मुलानें अपूर्णांक लिहावा, कीं बाण उडून नेमका त्या जागीं जाऊन बसे. उत्तर बरोबर असेल तर फुगा फुटे. चुकलें तर बाण चुकीच्या जागीं रुतून राही, आणि आपण किती अलीकडे राहिलों किंवा किती पलीकडे गेलों, हें मुलाला स्वतःच्या डोळ्यांनीं दिसे. मुलें अपूर्णांकांत कोठें अडखळतात हें ज्याला ठाऊक नाहीं, त्या यंत्रज्ञाला हा पाठ सुचला नसता. आणि उत्तर लिहितांच यंत्र त्या जागीं बाण रेखाटूं शकतें हें ज्याला ठाऊक नाहीं, त्या शिक्षकालाही तो सुचला नसता.

मात्र ट्यूटर भाषा जसजशी वापरांत येत गेली, तसतशी ती वाढतही गेली. नवी गरज उत्पन्न झाली कीं नवी आज्ञा, असें होतां होतां अखेर पदार्थविज्ञानाचे अध्यापक ब्रूस शेरवुड यांनीं ती समजावून देणारा स्वतंत्र ग्रंथच लिहिला. शिक्षकासाठीं सोपी केलेली भाषा हा पुनः एक अभ्यासाचा विषय झाला.

दुसरें उत्तर ब्रिटनमधील ओपन युनिव्हर्सिटीनें दिलें. १९६९ सालीं तिला सनद मिळाली व १९७१ च्या जानेवारींत सुमारें २४,००० विद्यार्थ्यांनिशीं तिचें अध्यापन सुरू झालें. ऑनलाइन पाठांचा काळ अजून दूर होता. छापील पाठ, नभोवाणी आणि दूरचित्रवाणी हीं तिचीं मुख्य साधनें. पण शिक्षक व तंत्र यांच्या संबंधाचा प्रश्न तोच होता. तिनें अभ्यासक्रम रचण्याचें काम एकट्या प्राध्यापकावर न टाकतां मंडळावर सोंपविलें. त्यांत विषयाचे जाणकार, बीबीसीचे निर्माते, शिक्षणतंत्राचे अभ्यासक व संपादक एकत्र बसत. एकाचा मसुदा इतरांनीं तपासावा, त्यावर वाद घालावा, आणि मग तो विद्यार्थ्याच्या हातीं जावा, अशी ही पद्धति होती. तिनें पाठांचा दर्जा उंचावला, यांत शंका नाहीं. पण तिला वेळ आणि पैसा दोन्ही भरपूर लागतात. एखाद्या लहानशा कॉलेजाला असें मंडळ परवडत नाहीं. आणि एकदां सिद्ध झालेल्या पाठांत एक परिच्छेद बदलावयाचा म्हटला, तरी पुष्कळ हात हलवावे लागतात.

तिसरें उत्तर जाळ्याच्या युगांत आलें. कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठांत संगणकशास्त्र शिकविणारे मरे गोल्डबर्ग यांनीं १९९५ च्या सुमारास आपला अभ्यासक्रम जाळ्यावर आणण्याचें काम हातीं घेतलें. ते स्वतः संगणकाचे जाणकार. तरीही त्यांना त्यांत फार श्रम पडले. मग इतिहास किंवा वनस्पतिशास्त्र शिकविणाऱ्या सहकाऱ्यांची काय कथा? म्हणून त्यांनीं ‘वेबसीटी’ हें तयार साधन बनविलें. पाठाचीं पानें, चाचणी, चर्चा यांचे सांचे त्यांत आधींच घडविलेले होते. शिक्षकानें ते भरावयाचे, एवढेंच काम उरलें. पुढें पर्थच्या कर्टिन विद्यापीठांत याच साधनाची व्यवस्था पाहणारे मार्टिन डुगियामास यांनीं २००२ सालीं ‘मूडल’ हें सर्वांना फुकट वापरतां येईल व बदलतां येईल असें साधन प्रसिद्ध केलें. त्यांचें बालपण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी मुलुखांत गेलें, आणि त्यांचे आरंभीचे धडे लघुलहरींच्या रेडिओवरून झाले होते, ही गोष्ट नभोवाणीच्या श्रोत्यांना विशेष वाटेल.

सांच्यामुळें सोय झाली, तसा एक धोकाही आला. जुन्या टिपणांची फाइल चढविली, तिच्याखालीं दहा प्रश्न जोडले, कीं अभ्यासक्रम झाला, अशी समजूत पसरली. पुष्कळ पाठ फडताळांत ठेवलेल्या कागदांसारखे निपचित पडून राहिले. पाठाचें रूप ठरविण्याचा अधिकार या वेळीं मुक्या सांच्याकडे गेला होता.

आपल्या देशांत २००३ सालीं सात आयआयटी व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनीं ‘एनपीटीईएल’ सुरू केलें, आणि २०१७ सालीं ‘स्वयम्’ आलें. चित्रफीत, वाचनाचा मजकूर, स्वतःची चाचणी आणि चर्चा, असे ‘स्वयम्’च्या अभ्यासक्रमाचे चार भाग आहेत. चित्रणाचें काम जाणकारांनीं करावें व प्राध्यापकानें शिकवावें, हा मार्ग ओपन युनिव्हर्सिटीच्या वळणाचा आहे. परंतु २०२० च्या मार्चमध्यें महासाथीनें शाळा-कॉलेजें बंद केलीं, तेव्हां बहुतेक शिक्षकांपाशीं ना मंडळ होतें, ना वेळ. एक फोन आणि स्वतःची बुद्धि एवढ्यावर त्यांना निभवावें लागलें. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनीं मात्र त्यापूर्वींच पाठ्यपुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड छापून त्यांना ध्वनिफिती व चित्रफिती जोडल्या होत्या. २०२० चें ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ त्यांना मिळालें. तसा कोड तयार करण्यास लागणारें तंत्रज्ञान थोडेंच आहे; कोणत्या पानावर मूल अडेल, हें ओळखण्यास मात्र वर्गांतला अनुभव लागतो.

अमेरिकेंतील मिशिगन स्टेट विद्यापीठाचे पुण्य मिश्रा व मॅथ्यू केलर यांनीं ऑनलाइन अभ्यासक्रम रचणाऱ्या अध्यापकांचें काम जवळून पाहून २००६ सालीं एक उपपत्ति मांडली. विषयाचें ज्ञान, शिकविण्याचें ज्ञान आणि साधनाचें ज्ञान हीं तीन वेगवेगळीं शिकून भागत नाहीं; तीं जेथें एकमेकांत मिसळतात, तेथेंच चांगला पाठ जन्मतो, असें तिचें सार आहे. डार्ट्सचा बाण हें याचेंच उदाहरण होय.

या इतिहासावरून शिक्षकाच्या तंत्रज्ञानाचें माप ठरवितां येतें. आपल्या पाठांतील चूक त्याला कोणाची मनधरणी न करतां स्वतःच्या हातानें दुरुस्त करतां आली पाहिजे. विद्यार्थी कोठें अडले, याच्या यंत्रांत उमटलेल्या खुणा त्याला वाचतां आल्या पाहिजेत. आणि हें साधन काय काय करूं शकतें, याची इतकी कल्पना हवी कीं, जाणकाराकडे नेमकी मागणी करतां यावी. याहून कमी असेल, तर पाठ दुसऱ्याचा होतो. याहून अधिक सक्तीनें मागितलें, तर विषयांत मुरलेले पुष्कळ चांगले शिक्षक या मार्गाकडे फिरकणारच नाहींत. ध्वनिमुद्रण, चित्रांची जुळणी, यंत्रांची देखभाल हीं कामें ज्याचीं त्यानें करावीं.

यासाठीं संस्थांनींही आपला वांटा उचलला पाहिजे. अभ्यासक्रम फसला कीं शिक्षकाला नाचतां येत नाहीं, असें म्हणण्याची रीत आहे. पण ज्या शिक्षकाला पाठ रचण्यास तासिकांतून सवड मिळाली नाहीं आणि अडल्या वेळीं विचारावयास शेजारीं कोणी जाणकार दिला नाहीं, त्याच्यापुढचें अंगण खरोखरच वाकडें असतें. तें सरळ करून देणें हें संस्थेचें काम आहे.