पाय पसरायची जागा

बैलबंडीला आस एकच. ओझं पुढे सरकलं की ते बैलांच्या मानेवर येतं, मागे सरकलं की बंडी उलार होते आणि तोल सांभाळायचं काम धुरकऱ्याकडे जातं. वैनगंगेच्या पूर्वेला, आजच्या गडचिरोली जिल्ह्यात, माणसांचा प्रवास कैक पिढ्या असाच झाला. ऐपतदार घरात धान वाहायची बंडी वेगळी आणि लग्नाकार्याला, मंडईच्या जत्रेला जायची हलकी रेंगी वेगळी. रेंगीत गादी टाकत, वर छप्पर करत, बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा घालत. पण आत बसणाऱ्याला पाय मुडपूनच बसावं लागे. पाटलालाही.

मोटारीला आस दोन. पुढच्या आणि मागच्या आसांमधल्या अंतराला व्हीलबेस म्हणतात, आणि ते अंतर किती ठेवायचं हे ठरवताना कारखानदार नकळत आणखी एक गोष्ट ठरवून टाकतो: वाढलेली जागा कुणाला मिळणार? महाराष्ट्रात या प्रश्नाची दोन अगदी वेगळी उत्तरं निघाली. एक वडसासारख्या गावांच्या रस्त्यांवर दिसतं, दुसरं चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडतं. गंमत म्हणजे दोन्ही उत्तरांचं मूळ एकाच जर्मन कंपनीच्या इंजिनापाशी जाऊन पोचतं.

बंगाल-नागपूर रेल्वेचा गोंदिया–नागभीड हा अरुंद मार्ग 1908 साली सुरू झाला आणि वडसा रेल्वेच्या नकाशावर आलं. जंगलातला माल, धान आणि माणसं इथे गोळा होऊ लागली. वडसा-देसाईगंजची बाजारपेठ या स्टेशनाच्या आधाराने वाढली. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा एवढ्या पसरलेल्या नव्या जिल्ह्याच्या वाट्याला रेल्वे स्टेशन म्हणून वडसाच आलं. पुढे नव्वदच्या दशकात हा मार्ग रुंद झाला. पण आरमोरी, कुरखेडा, कोरची, धानोरा, खुद्द गडचिरोली, यांपैकी कुठेही जायचं तर वडसाला उतरून पुढे रस्ताच धरायचा. एसटी होती, पण तिच्या वेळा तिच्या. मधल्या वेळेचं राज्य काळी-पिवळीचं.

शहरी वाचकाला काळी-पिवळी म्हटलं की मुंबईची पद्मिनी आठवते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली ती चार दारांची फियाट, चार माणसांत भरून जाणारी. विदर्भातली काळी-पिवळी म्हणजे जीप, आणि तीही मागून वाढवलेली. महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली ती स्वातंत्र्याच्या सुमारास. मूळ जीप होती लष्करी, आखूड आणि चपळ. तिला मागे लांबी देऊन समोरासमोर बाक टाकले की तिचं रूप बदलतं. महिंद्राच्या कमांडरने हेच केलं आणि पुण्याच्या आकुर्डीतल्या बजाज टेम्पोच्या ट्रॅक्सनेही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने अशा गाड्यांना मॅक्सीकॅब हा वर्ग दिला: चालक सोडून सहापेक्षा जास्त आणि बारापर्यंत प्रवासी. परवान्यावरची संख्या आणि आतली संख्या यांचा मेळ प्रत्येक फेरीला बसेच असं नाही. धान रोवणीच्या दिवसांत, तेंदूपत्त्याच्या हंगामात, बाजाराच्या वारी आतले गुडघे एकमेकांत अडकलेले, मांडीवर पोर, पायाशी कोंबडी, टपावर पोती आणि मागच्या पायरीवर दोघं लटकलेले. इथे वाढवलेल्या लांबीचा एकेक इंच माणसांनी भरून काढलेला असतो.

नाटकवाल्यांना तर या गाड्यांवाचून चालणंच अवघड. वडसा म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीचं ठाणं. नाटक मंडळांची कार्यालयं इथेच, तारखा इथेच ठरतात. दिवाळीनंतर मंडई सुरू झाल्या की होळीच्या आसपासपर्यंत हंगाम. संध्याकाळी नट, नट्या, वादक गाडीत बसतात, पन्नास-शंभर किलोमीटरवरच्या गावात रात्रभर प्रयोग होतो आणि उजाडताना गाडी परत. नायिका, खलनायक आणि तबलजी यांना एकाच बाकावर बसवणारी ही व्यवस्था. मानपानाची उतरंड रंगमंचावर असेल, गाडीत तिला जागा नाही.

आता त्या ट्रॅक्सचं बॉनेट उघडावं. बजाज टेम्पोने ऐंशीच्या दशकात डाइम्लर-बेंझशी करार करून त्यांचं ओएम 616 हे डिझेल इंजिन पुण्यात बनवायला घेतलं. चार सिलिंडर, सुमारे 2.4 लिटर, फार वेगवान नाही पण दणकट. हेच इंजिन मर्सिडीजच्या 240 डी या मोटारीत होतं, जर्मनीतल्या टॅक्सीवाल्यांची लाडकी गाडी. म्हणजे कुरखेड्याच्या रस्त्यावर पंधरा माणसं ओढणाऱ्या गाडीच्या पोटात मर्सिडीजचं काळीज धडधडत होतं, आणि आत कोंबून बसलेल्यांपैकी कुणाला त्याचा पत्ताही नव्हता. असायचं कारणही नव्हतं. ट्रॅक्सच्या नाकावर तीन टोकांचा तारा नव्हता.

आणखी एक योगायोग. 1977 साली मर्सिडीजने याच मालिकेची लांब आवृत्ती काढली. व्हीलबेस नेहमीच्या गाडीपेक्षा तब्बल 63 सेंटिमीटर जास्त, मधे आणखी एक आसनांची रांग, सात-आठ जणांची सोय. हॉटेलांसाठी, वकिलातींसाठी, कंपन्यांच्या पाहुण्यांसाठी. तिच्यातही 240 डी हा पर्याय होता. तेच इंजिन, तीच ताणलेली लांबी. फरक एवढाच की तिथे माणसांसाठी जागा मोजली गेली आणि इथे जागेसाठी माणसं.

ऐषारामी मोटारींचा महाराष्ट्राशी संबंध जुना. जनरल मोटर्सने 1928 मध्ये शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली. संस्थानिकांच्या गाड्या मात्र परदेशातून खास बनवून येत. कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांची मेबॅक पाहायला अजूनही शाही दसऱ्याला लोक गर्दी करतात. स्वातंत्र्यानंतर आयात आवळली गेली आणि मागच्या सीटवर बसणाऱ्या भारताला अँबॅसिडर मिळाली. पांढरी, पडदे लावलेली, मागे ऐसपैस. मंत्र्यापासून जिल्हाधिकाऱ्यापर्यंत सगळे तिच्या मागच्या सीटवर वाढले. साहेब म्हणजे मागे डावीकडे बसणारा माणूस ही समजूत त्या काळात पक्की झाली आणि ती अजून मोडलेली नाही.

डाइम्लरशी टाटांचं नातंही जुनंच. 1954 पासून पंधरा वर्षं टाटांची टेल्को आणि डाइम्लर-बेंझ यांची भागीदारी ट्रकांपुरती होती, ताऱ्याचं चिन्ह मिरवणारे ते ट्रक देशभर धावले. मोटारींसाठी नवी कंपनी निघाली ती 1994 मध्ये आणि पिंपरीच्या टेल्को आवारात 1995 साली ई-क्लास तयार होऊ लागली. युरोपात त्याच वर्षी ई-क्लासची पुढची पिढी बाजारात आली होती. भारताला मावळती गाडी मिळाली. खरेदीदारांच्या हे लक्षात आलं. 1997 पासून या गाड्यांच्या इंजिनांची जुळणी कुणाकडे गेली? बजाज टेम्पोकडे. तीच कंपनी, पुढे 2005 मध्ये फोर्स मोटर्स झालेली. एका हाताने ट्रॅक्स, दुसऱ्या हाताने ई-क्लासचं इंजिन. 2009 मध्ये मर्सिडीज चाकणला स्वतःच्या कारखान्यात गेली, तरी इंजिनांचं काम फोर्सकडेच राहिलं.

लांब व्हीलबेसची सेडान महाराष्ट्रात प्रथम नावारूपाला आणली ती मर्सिडीजने नव्हे. औरंगाबादच्या शेंद्रा वसाहतीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, स्कोडाने 2004 मध्ये सुपर्ब जुळवायला घेतली. ती मुळात फोक्सवॅगन पसाटच्या ताणलेल्या सांगाड्यावर उभी होती, व्हीलबेस दहा सेंटिमीटर जास्त, आणि ती सगळी जागा मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांसाठी. मागच्या दारात छत्री ठेवायचा कप्पासुद्धा होता. चालकाला छत्री नाही, हे ओघानेच आलं.

मग जानेवारी 2007 मध्ये टाटांनी इंडिगो एक्सएल काढली. इंडिगोचा व्हीलबेस 2450 मिलिमीटर, एक्सएलचा 2650. वाढलेले 20 सेंटिमीटर पूर्ण मागे दिलेले. युरोपीय गाडीच्या कितीतरी कमी किमतीत इतकी मागची जागा देणारी ही खरं तर प्रामाणिक गाडी होती. पण इंडिगो टॅक्सीच्या रांगेत दिसे आणि टॅक्सीसारख्या गाडीतून उतरायला साहेब राजी होईना. जागा मिळाली, रुबाब नाही. दरम्यान 2006 च्या अर्थसंकल्पाने चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या मोटारींवरचं उत्पादनशुल्क 24 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आणलं होतं. टाटांनी मग उलटी चाल केली. जानेवारी 2008 मध्ये नॅनोसोबत इंडिगो सीएस दाखवली: त्याच गाडीची डिकी कापून तिला चार मीटरच्या आत बसवलेली. एक वर्ष आधी ताणलेली गाडी आता करासाठी आखडली. आखूड इंडिगो खपली आणि तिच्यामागे चार मीटरच्या आतल्या सेडानची रांगच लागली.

रुबाबाची भूक किती मोठी आहे हे ऑक्टोबर 2010 मध्ये औरंगाबादने दाखवून दिलं. तिथल्या उद्योजक-व्यावसायिकांच्या गटाने एकत्र सौदा करून एकाच वेळी जवळपास दीडशे मर्सिडीज घेतल्या. किंमत सुमारे 65 कोटी रुपये, बँकेचं कर्ज सवलतीच्या दरात. मुंबई-पुण्याबाहेरच्या मराठी शहरात एवढा पैसा आहे, हे जर्मन कंपन्यांना त्या दिवशी कळलं. टीका करणारे होतेच. मराठवाड्यात पाण्याची बोंब आणि इकडे मर्सिडीजची मिरवणूक, असा सूर निघाला. तो अगदीच गैरलागू नव्हता.

28 फेब्रुवारी 2017 रोजी चाकणची लांब ई-क्लास बाजारात आली. उजव्या हाताच्या स्टिअरिंगची लांब ई-क्लास जगात पहिल्यांदा भारतासाठी बनली. व्हीलबेस 3079 मिलिमीटर, युरोपातल्या नेहमीच्या गाडीपेक्षा 140 ने जास्त. किंमत 56 लाखांच्या पुढे. कल्पना चीनची होती. तिथे जर्मन कंपन्या शतकाच्या उंबरठ्यापासूनच सेडान ताणून विकत होत्या, कारण तिथलाही मालक मागेच बसतो. मार्च 2021 मध्ये तिचं रूप सुधारलं, आतले स्क्रीन सुधारले, किंमत 63 लाखांवर गेली. ऑक्टोबर 2024 मध्ये पूर्णपणे नवी पिढी आली: व्हीलबेस 3094, किंमत तेव्हा साडेअठ्ठ्याहत्तर लाखांपासून, मागची पाठ 36 अंशांपर्यंत कलते. बीएमडब्ल्यूही गप्प बसली नव्हती. तिने चेन्नईतून 2021 मध्ये लांब 3 सिरीज काढली होती आणि जुलै 2024 मध्ये लांब 5 सिरीज आणली, व्हीलबेस 3105. चाकणपेक्षा अकरा मिलिमीटर जास्त! एवढ्याशा फरकाने कुणाचा गुडघा सुखावत नाही. पण जाहिरातीत आकडा मोठा दिसतो.

लांबीची किंमत रस्ताही वसूल करतो. चाकांमधलं अंतर वाढलं की गाडी कमी हिंदकळते, लांबच्या प्रवासात पाठ दुखत नाही. पण वळायला जागा जास्त लागते आणि गतिरोधकावर पोट घासायची भीती वाढते. वडसाकडच्या गावांतले उंच गतिरोधक, पावसाळ्यात उखडलेली डांबराची कड आणि वाळूच्या टिप्परांनी पाडलेल्या खड्ड्यांसमोर ट्रॅक्सचा उंच सांगाडा निभावून नेतो. पाच मीटर लांब, ठेंगण्या सेडानला तिथे सांभाळूनच जावं लागेल. म्हणून गडचिरोलीतला नवा पैसा, जिथे आहे तिथे, सहसा उंच एसयूव्हीत बसलेला दिसतो.

आणि शेवटी कर. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा मोठ्या गाड्यांवर 28 टक्क्यांवर उपकर बसला आणि काही महिन्यांतच तो वाढून मोठ्या सेडानचा बोजा 48 टक्के झाला. 22 सप्टेंबर 2025 पासून उपकर गेला. चार मीटरच्या आतली लहान गाडी 18 टक्क्यांवर आली, बाकी पेट्रोल-डिझेल मोटारी 40 वर. चाकणची 5092 मिलिमीटर लांबीची ई-क्लास आणि चार मीटरची रेघ जेमतेम ओलांडणारी साधी सेडान आता कराच्या वहीत एकाच ओळीत आहेत. चालकासह दहा किंवा त्याहून जास्त माणसं नेणारं वाहन, मग ते फोर्सच्या ट्रॅक्सचंच रूप का असेना, 18 टक्क्यांच्या ओळीत.