धावेपासून हवेपर्यंत

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार तापवून चढवतो ती लोखंडी पट्टी म्हणजे धाव. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये मिशो यांच्या कारखान्यातून पायडलच्या सायकली बाहेर पडू लागल्या, तेव्हा त्यांच्या चाकांवरही अशीच धाव होती. रस्ते फरशीचे, सांगाडा लोखंडाचा. प्रत्येक फरशीचा हादरा मनगटातून खांद्यात आणि कमरेतून मानेत जायचा. इंग्रजांनी या सायकलीला नाव दिलं ‘बोनशेकर’, म्हणजे हाडं खिळखिळी करणारी. आज माउंटन बाइकवरून दगडगोट्यांचा उतार सुखाने उतरता येतो, त्या सुखाचं कूळ या हाल सोसलेल्या हाडांपर्यंत जातं.

खरं तर उत्तर त्याही आधी सापडलं होतं. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, हवा भरलेल्या चाकाचं पेटंट घेतलं. आत रबर चढवलेल्या कापडाची नळी, बाहेर चामड्याचं आवरण. १८४७ साली लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये त्याने अशी चाकं घोडागाडीला लावून दाखवली. पण ती महाग पडली आणि सायकलीचा जमाना अजून यायचा होता. कल्पना विस्मरणात गेली.

चाळीस वर्षांनी ती पुन्हा जन्मली, ती बेलफास्टमधल्या एका घराच्या अंगणात. जॉन बॉइड डनलॉप हा जनावरांचा डॉक्टर. मुलाची तीनचाकी भरीव रबराच्या चाकांवर आदळत जाते, हे त्याने पाहिलं. १८८७ साली त्याने एका लाकडी चकतीभोवती रबरी नळी बसवली, वरून कापड ठोकलं आणि फुटबॉलच्या पंपाने हवा भरली. मग मुलाच्या सायकलीचं चाक आणि ही चकती अंगणात घरंगळत सोडली. साधं चाक वाटेतच आडवं झालं. हवेवरची चकती अंगण ओलांडून थेट फाटकावर जाऊन आदळली. पुढे १८८९ साली विली ह्यूमने या टायरवर बेलफास्टमध्ये शर्यती जिंकल्या आणि भरीव रबराचे दिवस भरले. थॉमसनचं पेटंट आधीचं असल्यामुळे डनलॉपचं रद्द झालं, पण लोकांच्या तोंडी नाव राहिलं ते डनलॉपचंच. आपल्याकडे ऊसतोडीच्या बैलगाडीची धाव जाऊन रबरी चाकं आली आणि ती ‘टायरगाडी’ झाली, तीही याच कुळातली.

ती चकती फाटकापर्यंत का पोहोचली? कडक चाक खड्यावर चढतं तेव्हा सायकल आणि तिच्यावरचा माणूस, दोघांनाही उचलतं. त्यात गती खर्च होते आणि हादरा अंगात शिरतो. हवेचं टायर खडा पोटात घेतं. चाक पुढे जातं, माणूस जागच्या जागी राहतो. म्हणजे आराम आणि वेग या एकाच हवेच्या दोन लेकी आहेत.

टायर जितकं जाड, तितका हवेचा दाब कमी ठेवता येतो. १९३३ साली शिकागोच्या श्विन कंपनीने अमेरिकेत सव्वादोन इंचांच्या आसपास रुंदीचं फुगीर टायर सायकलींना आणलं. हीच जुनी श्विन धुडं १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीतल्या तरुणांनी भंगारातून उचलली आणि डोंगरावर नेली. १९७६ च्या ऑक्टोबरात तिथे ‘रीपॅक’ ही उताराची शर्यत सुरू झाली. उतरताना मागचा ब्रेक इतका तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा. प्रत्येक फेरीनंतर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागे, म्हणून ‘रीपॅक’, म्हणजे पुन्हा भरणं, हे नाव. १९७७ साली जो ब्रीझने खास डोंगरासाठी नवा सांगाडा बनवला. बाकी बरंच बदललं, फुगीर टायर मात्र राहिलं.

पुढची पायरी फोर्कची, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची. मोटरसायकलींच्या जगातून आलेल्या पॉल टर्नरने १९८९ च्या सुमारास ‘रॉकशॉक्स आरएस-१’ हा दबणारा फोर्क आणला. तो जेमतेम पाच सेंटिमीटर दबायचा. १९९० साली कोलोरॅडोतल्या दुरँगो इथे पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा ग्रेग हर्बोल्डने याच फोर्कवर उताराचं अजिंक्यपद मिळवलं. या फोर्कच्या पोटातही हवाच होती, जोडीला तेल. हवा स्प्रिंगचं काम करते. नुसती स्प्रिंग असेल तर हँडल चेंडूसारखं उसळत राहील. तेल बारीक छिद्रांतून जाताना ती उसळी गिळतं आणि तिची उष्णता करून टाकतं.

१९९९ साली माविक, मिशलँ आणि हचिन्सन यांनी माउंटन बाइकसाठी ट्यूबलेसची पद्धत आणली. हवा कमी असली की दगड आणि रिम यांच्यात चिमटून ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडत. ट्यूबच गेल्यावर ही भीती गेली आणि दाब आणखी उतरवता आला.

या साऱ्या वंशावळीतून मी एकच शहाणपण घेतलं आहे. हात बधिर होतात, पाठ भरून येते, म्हणून लोक आधी महागड्या फोर्कची किंमत विचारतात. असं करू नका. दाब मोजायचा गेज घ्या. ओळखीच्या उतारावर एक फेरी मारा, दोन्ही टायरांतून दोन-दोन पीएसआय हवा सोडा आणि तोच उतार पुन्हा उतरा. रिम दगडाला लागेपर्यंत किंवा वळणावर टायर डगमगेपर्यंत असंच करत जा, मग दोन पीएसआय परत भरा. फोर्क हवेचा असेल, तर त्यातली हवा आपल्या वजनाप्रमाणे लावा. नुसतं बसल्यावर तो साधारण पाव भाग दबला पाहिजे. एवढं करूनही हात दुखले तर जाड टायर बघा, मग ग्रिप आणि सीट. नव्या फोर्कचा विचार सगळ्यात शेवटी.